नाचणाऱ्यांची दुखणी आणि अंगाची ठेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला मी फिजिओथेरपी करते. माझ्याकडे क्लासच्या शाळकरी मुली येतात, लावणीच्या कलाकार येतात, सिनेमाच्या गाण्यात मागच्या रांगेत नाचणारी पोरं येतात आणि मुलं मोठी झाल्यावर पुन्हा घुंगरू बांधणाऱ्या चाळिशीतल्या बायकाही येतात. दुखणं घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ते आधी काही महिने अंगावर काढलेलं असतं, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं, "सवय होईल." हे वाक्य मीही ऐकलंय आणि त्याची किंमत मोजली आहे. मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न म्हणून इथे मांडते आहे. वाचून दुखण्याची ओळख पटेल, पण दुखणं तुमच्या अंगात आहे आणि ते बघायला कोणीतरी हात लावावा लागतो, हे लक्षात असू द्या.

नाचलं की अंग दुखणारच. मग लक्ष कुठल्या दुखण्याकडे द्यायचं?

नवीन अडवू (भरतनाट्यममधली पावलांची मूळ रचना) किंवा जास्तीची तालीम झाली की दुसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या भरून येतात. दोन्ही पाय सारखेच दुखतात, जिना उतरताना जास्त कळतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. हे स्नायूंचं दुखणं आहे, त्याची काळजी नको.

मी पेशंटला पहिलं सांगते, "कुठे दुखतं ते दाखव." अख्खा तळवा मांडीवरून फिरवला तर मी निवांत असते. एका बोटाने एकच जागा दाखवली की मी कान टवकारते. एका बिंदूवर दुखणं, एकाच बाजूचं दुखणं, सांध्याच्या आत दुखणं, सूज, रात्री झोपेतून जागं करणारी कळ, आणि नाच सुरू असताना वाढत जाणारी वेदना, यातलं काहीही असेल तर थांबायचं. आणखी एक खूण आरशात दिसते: दुखऱ्या पायाला वाचवण्यासाठी अंग आपोआप कलायला लागतं. तुम्ही लंगडत नाचत असाल, तर शरीराने निर्णय आधीच घेतलाय.

भरतनाट्यमच्या अरैमंडीत, म्हणजे पाय बाहेर वळवून अर्धं खाली बसलं की गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं. वजन जास्त आहे म्हणून असेल का?

वजनावर खापर फोडण्याआधी पावलं बघूया. भरतनाट्यमच्या मुलींमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अरैमंडीत पाय बाहेर वळतात ते खुब्यातून वळायला हवेत. मांडीचं हाड खुब्याच्या वाटीत किती बाहेर फिरेल हे प्रत्येकाच्या हाडाच्या घडणीवर ठरतं. साधारण ४५ अंश धरतात, कोणाचं त्याहून कमी, कोणाचं जास्त. वर्गात मात्र सगळ्यांची पावलं एकाच रेषेत पसरलेली दिसायला हवीत असा आग्रह असतो. खुबा तेवढं देत नाही, मग मुलगी पावलं जमिनीवर घट्ट रोवते आणि उरलेला कोन गुडघ्यातून आणि घोट्यातून काढते. गुडघा मुळात बिजागरीसारखा सांधा, त्याला पीळ सोसत नाही. आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा) रोज ताणलं जातं आणि तळव्याची कमान आत कोसळते.

माझ्याकडे आलेल्या मुलीच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांवर मधोमध मी पेनने एकेक ठिपका काढते आणि तिला नेहमीसारखी अरैमंडी घ्यायला सांगते. मध्यंतरी विशारदच्या तयारीतली एक मुलगी आली होती. पावलं सुरेख उघडली होती, पण खाली बसता बसता दोन्ही ठिपके पावलांच्या आतल्या कडेला, अंगठ्याच्याही आत सरकले. आईला म्हटलं, तुम्हीच बघा. मग तिची पावलं दोन्हीकडून दोनेक बोटं आत घेतली. ठिपके दुसऱ्या बोटाच्या रेषेत आले आणि ती बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, आत्ता नाही दुखत." तिची अरैमंडी आधीपेक्षा थोडी अरुंद दिसत होती, पण खरी होती.

घरी तपासायचं असेल तर पालथं झोपा, एक गुडघा काटकोनात वाकवा आणि पाऊल दुसऱ्या पायाच्या दिशेने सावकाश पडू द्या. त्या बाजूचा नितंब जमिनीवरून उचलला जाण्याआधी पाय जिथवर गेला, तेवढंच खुब्याचं बाहेर वळणं तुमच्याकडे आहे. नितंबातले खोल स्नायू बळकट केले की आहे तेवढं पूर्ण वापरता येतं, आणि तेच बळ वाढवायचं असतं. हाडाची वाटी व्यायामाने बदलत नाही.

मुळुमंडी (पूर्ण खाली बसणं) करायचीच नाही का मग?

करा, पण ती वर्गाच्या शेवटी थकल्यावर करू नका. पूर्ण बसताना गुडघ्याच्या वाटीमागे खूप दाब येतो आणि मांडीचे स्नायू दमलेले असले की शेवटचा भाग आपण धप्पकन पडून पूर्ण करतो. खाली जाताना चार मात्रा मोजा. मोजता येत नसतील, तर तेवढं बळ अजून आलेलं नाही.

कथक करते. टाच आणि तळवा सकाळी उठल्यावर खूप दुखतो. घुंगरू कमी करू का?

सकाळची पहिली काही पावलं टाकताना टाचेखाली कळ येते आणि चालल्यावर कमी होते, तर बहुतेक वेळा तळव्याचा जाड पडदा दुखावलेला असतो. कथकात याचं कारण सरळ आकड्यांत दिसतं. त्रितालाच्या १६ मात्रा, चौगुणीत, म्हणजे चौपट लयीत, तालाच्या एका आवर्तनात ६४ आघात. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली तरी एका मिनिटात २४० आघात होतात आणि दहा मिनिटांच्या तत्कारात (तालावर पाय आपटण्याच्या रियाजात) २४००. हे सगळं अनवाणी आणि मुंबईत बहुतेक वेळा काँक्रीटवर बसवलेल्या लादीवर. त्यात चक्कर बहुतेक जणी डाव्या टाचेवर घेतात, म्हणून डावी टाच आधी बोलते.

घुंगरांचं म्हणाल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा तुमची एका पायाची जोडणी ठेवून बघा. शंभरांवरून दीडशेवर गेलात तेव्हा किती वजन वाढलं हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. पायाच्या टोकाला बांधलेलं वजन कंबरेला बांधलेल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जाणवतं, कारण प्रत्येक पावलाला ते उचलून पुन्हा आपटायचं असतं. संख्या वाढवायची तर दहा-पंधरा घुंगरांनी वाढवा, मध्ये काही आठवडे जाऊ द्या, आणि ज्या आठवड्यात घुंगरू वाढले त्या आठवड्यात तालमीचे तास वाढवू नका. दोरी नडगीवर इतकी आवळू नका की सोडल्यावर तासभर वळ राहतील.

टाचेसाठी एक गोष्ट नेमाने करा. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभ्या राहा, बोटांखाली गुंडाळलेला नॅपकिन ठेवा, तीन मोजत वर, दोन थांबून, तीन मोजत खाली. दहा-बारा वेळा, एक दिवसाआड. आराम पडायला आठवडे लागतात, दोन-तीन महिनेही लागू शकतात. धीर सोडू नका.

नडगी दुखते. बँडेज बांधून चालेल का?

इथे मला माझी गोष्ट सांगावीच लागेल. सोळाव्या वर्षी परीक्षेच्या आधी मी रोज चार तास तालीम करत होते. उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर दुखायला लागलं. आधी उड्यांनंतर, मग उड्या मारताना, मग रात्री अंथरुणात. गुरू म्हणाले, "सवय होईल." घरचे म्हणाले, परीक्षा झाली की विश्रांती घे. एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला, आणि सगळ्यांनी मला नाटकी ठरवलं. परीक्षा दिली. त्यानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेत हाडावर बारीक रेघ दिसली. पाच महिने मी नाचले नाही, आणि त्यातले निदान तीन महिने सुरुवातीला थांबले असते तर वाचले असते.

म्हणून हे नीट वाचा. नडगीच्या लांबलचक पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा हाडाच्या कडेचा आणि स्नायूंचा ताण आहे, आघात कमी केले की तो उतरतो. पण बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दाबल्यावर जीव जात असेल, त्या पायावर एक उडी मारली की कळ येत असेल, तर हाडाला ताणाचा बारीक तडा असू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत तो दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून नाचायला मोकळे झालात असं समजू नका, एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. तळपायाच्या लांब हाडांतही असाच तडा जातो, आणि तो बरा व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. बँडेजने यातलं काहीच भरून येत नाही, फक्त दुखणं झाकलं जातं.

तालमीत पाय मुरगळला. पहिले दोन दिवस काय करू?

बसा. चाळ, घुंगरू लगेच सोडा, सूज चढल्यावर ते निघत नाहीत. पाय हृदयापेक्षा उंच ठेवा, क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधा, दुखत असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. बर्फ वेदना कमी करतो, बरं करण्याचं काम शरीरच करतं. गरम शेक आणि चोळणं पहिले दोन-तीन दिवस नको.

लगेच दवाखान्यात कधी जायचं? आधार न घेता चार पावलं टाकता येत नसतील तर. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल तर. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडून मागे जाताना मध्यावर जो उंचवटा लागतो, तिथे दुखत असेल तर. पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या माथ्यावरच्या हाडावर दुखत असेल तरीही. हाड मोडलंय का हे पाहण्यासाठी डॉक्टर याच खुणा तपासतात.

सूज उतरली की लोक विसरतात, आणि तिथेच घोळ होतो. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, कारण लिगामेंटबरोबर तोल सांभाळण्याची जाणही बिघडलेली असते. दात घासताना एका पायावर उभे राहा. आठवडाभराने डोळे मिटून उभे राहा, बेसिनला हात लागेल एवढ्या अंतरावर. हे सहा आठवडे करा.

आंबेहळदीचा लेप लावला तर? आणि आमच्या ओळखीचे हाडवैद्य आहेत.

लेपाने नुकसान होत नाही, आजीचा हात फिरला की बरंही वाटतं. लावा. पण हाड मोडलेलं नाही हे कळल्याशिवाय कोणालाही पाय ओढू, पिळू किंवा जोरात चोळू देऊ नका.

लावणी करते. कंबरेत सारखी उसण भरते.

लावणीच्या कलाकारांबद्दल मला विशेष आस्था आहे, कारण त्यांच्याइतकं अंगावर काढणारं दुसरं कोणी नाही. चाळाचं वजन पायागणिक किलोंत असतं, नऊवारी घट्ट कसलेली, कार्यक्रम रात्री उशिरा, त्यानंतर गाडीत चार-पाच तास बसून पुढचं गाव, आणि उतरल्यावर अंग मोकळं न करता पुन्हा मंच. कंबर त्या प्रवासातच आखडलेली असते, नाचताना ती फक्त बोलते.

दोन गोष्टी पाहा. एक, लचक देताना पोट सैल सोडून सगळा बाक पाठीच्या खालच्या मणक्यांतून काढता का? बेंबीखालचं पोट हलकंसं आत धरून तीच लचक देऊन बघा. बाक थोडा कमी दिसेल, पण पाठ आणि खुबा मिळून तो वाटून घेतील. दोन, कार्यक्रमाआधी दहा मिनिटं चालणं, खुबे गोल फिरवणं, गुडघे छातीशी घेणं, एवढं तरी होतं का? मेकअपच्या खुर्चीवरून थेट मंचावर जाऊ नका.

भरतनाट्यममध्ये हीच चूक अरैमंडीत नितंब मागे काढून होते. भिंतीला पाठ लावून खाली बसा. कंबरेमागे मूठ सहज जात असेल तर बाक जास्त आहे. तळवा कसाबसा जाईल एवढीच जागा पुरे.

शाळकरी वयात मागे वाकल्यावर कंबर दुखत असेल आणि दोन-तीन आठवड्यांत थांबत नसेल, तर तपासून घ्याच. या वयात मणक्याच्या मागच्या कमानीतही ताणाचा तडा जातो. आणि कंबरदुखीबरोबर पाय बधिर होत असेल, पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

आमचा क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये होतो. फरशीचा खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. लादी असो, कोटा असो, संगमरवर असो, खाली काँक्रीटच असतं आणि ते आघाताचा एक कणही स्वतःकडे ठेवत नाही. जुन्या नाट्यगृहांत लाकडी मंचावर नाचल्यावर पाय हलके का वाटतात याचं उत्तर फळ्यांखालच्या पोकळीत आहे: फळी किंचित दबते आणि परत उचलते. काँक्रीटवर नुसता व्हिनाइलचा रोल अंथरून पाय सरकत नाहीत एवढंच, धक्का तसाच बसतो.

योगा मॅट नको. त्यावर पाऊल रुतून बसतं आणि शरीर फिरतं, मग पीळ गुडघ्यात जातो. परवडत असेल तर घट्ट फोमच्या तुकड्यांवर जाड प्लायवूडचे पत्रे बसवून घ्या. ते जमत नसेल तर उड्या आणि जोरकस पदन्यास तालमीच्या अर्ध्या वेळेपुरते ठेवा, बाकी वेळ हलक्या पायाने.

पावसाळ्यात लादीला ओल सुटते. तालमीआधी कोरड्या कापडाने पुसून घ्या, पावडर टाकू नका, ती ओलीत मिसळून आणखी घसरडी होते. आणि चिखल्या झाल्या असतील तर बोटांमधली जागा कोरडी ठेवून औषध लावा. चिखल्यांची आग वाचवायला मुली पाऊल वाकडं टाकतात आणि महिन्याने घोटा धरून येतात.

दिवसभर ऑफिस, मग लोकल, मग क्लास. पाय आधीच मेलेले असतात.

नऊ तास खुर्चीत बसल्यावर खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात आणि नितंबाचे झोपतात. मग लोकलमध्ये एका पायावर भार देऊन तासभर उभं राहायचं. अशा अंगाने पोहोचल्या पोहोचल्या चौगुणीला हात घालू नका. दारात चपला काढल्यापासून पहिली पंधरा मिनिटं अंग तापवण्याची: चालणं, चवड्यांवर वर-खाली, खुबे फिरवणं, मग ठाय (संथ) लयीत पदन्यास. एकाच जागी मिनिटभर ताणून धरण्याचे व्यायाम नाचानंतर करा. आधी केले तर स्नायूंचा जोर तेवढ्यापुरता कमी होतो. उशीर झाला तरी ही पंधरा मिनिटं कापायची नाहीत, पदन्यास कापा.

मुलगी बारा वर्षांची आहे. दोन वर्षांत अरंगेत्रम (भरतनाट्यमचा पहिला पूर्ण जाहीर कार्यक्रम) करायचंय. काय जपू?

ज्या वर्षी तिचे कपडे दर चार महिन्यांनी आखूड होतात, ते वर्ष जपा. हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. काल जमणारा तोल आज जमत नाही, अंग कडक वाटतं, आणि मुलीला वाटतं आपलाच नाच बिघडला. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला उंचवटा येऊन दुखणं, टाचेच्या मागे दुखणं या वयात सर्रास दिसतं. तिथे हाडाची वाढ चालू असते आणि स्नायू तिला ओढत असतात. उड्या कमी केल्या की बहुतेक वेळा शांत होतं.

तारीख ठरवून मुलीला तिच्यामागे पळवू नका. दोन-अडीच तास सलग नाचायची ताकद महिन्याभरात येत नाही. शेवटच्या महिन्यात रोज दोन-दोन पूर्ण तालमी लावल्या जातात, आणि माझ्याकडे त्या मुली शेवटच्या आठवड्यात येतात. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी आणि रात्री आठ-नऊ तास झोप, यावर तडजोड करू नका.

आणि कृपा करून तिच्या जेवणावर टीका करू नका. "पोट दिसतंय" हे वाक्य पोशाखाच्या मापाच्या वेळी मी किती आयांच्या तोंडून ऐकलंय. पोटभर न खाणाऱ्या मुलीची हाडं ठिसूळ होतात. नाचणीची भाकरी, तीळ, दूध-दही, डाळी, अंडं घरात चालत असेल तर अंडं, आणि तालमीनंतर तासाभरात काहीतरी खाणं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. बंद खोल्यांत वाढणाऱ्या मुंबईच्या मुलींत ड जीवनसत्त्व अनेकदा कमी सापडतं, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.

जास्त तालीम सुरू झाल्यापासून पाळी येत नाही. नाचणाऱ्यांचं असंच असतं का?

नाही. तीन महिने पाळी चुकली तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. नाचण्यात जेवढी शक्ती खर्च होते तेवढी पोटात जात नसेल, तर शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडांची झीज भरणं. ताणाचे तडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या मुलींना मी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारते, आई बाहेर बसलेली असताना.

परवा शो आहे. गोळी किंवा इंजेक्शन घेऊन नाचू का?

वेदनाशामक घेऊन नाचलात तर सांगणारा आवाज बंद होतो, इजा चालूच राहते. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो तो वेगळा. स्नायूंचा ताण असेल तर कार्यक्रम बदलून, उड्या गाळून, घुंगरू कमी करून नाचता येतं. हाडाची शंका असेल तर नाचू नका. मी तशीच परीक्षा दिली होती.

नवरात्रात नऊ रात्री गरबा. गुडघे वाचवायचे कसे?

वर्षभर न नाचणाऱ्यांनी पंधरा दिवस आधीपासून रोज अर्धा तास भरभर चालावं आणि चवड्यांवर वर-खाली करावं. डांबरावर अनवाणी नको, मऊ तळाचे बूट घाला. लागोपाठ नऊ रात्री न जाता मध्ये दोन रात्री घरी थांबा.

मुंबईत परवडेल अशा ठिकाणी कुठे दाखवू?

परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत अस्थिरोग आणि फिजिओथेरपी दोन्ही विभाग आहेत. हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे. रांग असते, सकाळी लवकर जा. जाताना एक गोष्ट करा: जिथे दुखतं तो पदन्यास मोबाइलवर समोरून आणि बाजूने अर्धा-अर्धा मिनिट चित्रित करून न्या. अरैमंडी किंवा तत्कार म्हणजे काय हे डॉक्टरांना शब्दांत समजावण्यापेक्षा दाखवणं सोपं. आणि "नाच बंद करा" एवढंच उत्तर मिळालं तर नम्रपणे विचारा, "किती दिवस, आणि तोवर काय करू शकते?"

गुरूंना सांगायची भीती वाटते. आळशी समजतील.

ही भीती मला ठाऊक आहे. माझे गुरू वाईट नव्हते. त्यांनाही कोणीतरी तेच सांगितलं होतं आणि ते तसंच नाचत राहिले होते. आपल्याकडे गुरूपुढे दुखणं बोलणं म्हणजे उलट बोलणं वाटतं. म्हणून तक्रारीच्या सुरात न बोलता नेमकं सांगा: "उजव्या नडगीत एका जागी दुखतंय, उडी मारली की वाढतं. दोन आठवडे उड्या सोडून बाकी सगळं करते." बाकी सगळं म्हणजे खूप काही असतं. बसून पढंत करा (बोल तोंडाने म्हणा), हस्त म्हणजे हातांच्या मुद्रा पक्क्या करा, अभिनय करा, तट्टुकळी (तालाची लाकडी काठी) हातात घेऊन नट्टुवांगम, म्हणजे नाचाला ताल देणं शिका. बैठकीची लावणी तर बसूनच होते, आणि तिच्यातली अदाकारी सोपी आहे असं कोणी म्हणणार नाही. ज्या मुलींनी असे दोन महिने बसून काढले, त्या उभ्या राहिल्यावर लयीला जास्त पक्क्या झालेल्या मी पाहिल्यात.

शिक्षकांना माझं मागणं आहे की वर्ग सुरू करताना रोज विचारा, "आज कोणाला कुठे दुखतंय?" आणि उत्तर देणारीला मागच्या रांगेत पाठवू नका.

मोठी दुखापत झाली. पुन्हा नाचता येईल का?

आपल्याच मुंबईच्या सुधा चंद्रन यांना १९८१ च्या अपघातानंतर पाय गमवावा लागला, आणि जयपूर फूट बसवून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. लोक हे उदाहरण जिद्दीसाठी देतात. मी ते पेशंटला वेळेसाठी देते: त्यांनाही मध्ये काही वर्षं द्यावी लागली. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली असेल तर निदान नऊ महिने धरा.

परत नाचायला लागायची वेळ आली हे कसं ओळखू?

तारखेने ओळखू नका, पायाने ओळखा. दुखऱ्या पायावर एकट्याने चवड्यावर वर-खाली २०-२५ वेळा होतं का, चांगल्या पायाइतकंच? डोळे मिटून त्या पायावर तीस सेकंद उभं राहता येतं का? त्या पायावर दहा उड्या न दुखता होतात का? तिन्ही जमलं तर पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं, ठाय लयीत, घुंगरांशिवाय, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कालच्याइतकाच असेल तर पुढे पाच मिनिटं वाढवा. सकाळी जास्त दुखलं तर आदल्या पायरीवर या आणि दोन दिवस तिथेच थांबा. घुंगरू सगळ्यात शेवटी बांधा, पहिल्यांदा निम्मेच.